डार्करूमचा पेपर: काय उरलंय आणि त्यातलं काय घ्यावं

२००५ साली कोडॅकने डार्करूममध्ये निगेटिव्हवरून फोटो छापायचे कृष्णधवल पेपर बनवणं थांबवलं. त्याच वर्षी आग्फाफोटोचं दिवाळं निघालं आणि २००७ मध्ये हंगेरीतला फोर्टेचा कारखाना बंद पडला. ॲझो (कोडॅक), मल्टिकॉन्ट्रास्ट क्लासिक (आग्फा), पॉलीवॉर्मटोन (फोर्टे) या पेपरांवर ज्यांचा हात बसला होता, त्यांचा पहिला प्रश्न आजही तोच असतो: त्याच्यासारखा दुसरा कुठला? हा प्रश्न सोडून द्यावा, हे आधीच सांगून टाकतो. हुबेहूब तसा कुठलाच नाही, आणि पूर्वीही एकच नाव म्हणजे कायम एकच पेपर असं नव्हतं. जुन्या उबदार टोनच्या, म्हणजे तपकिरी झाक असलेल्या, कित्येक पेपरांत कॅडमियमचे क्षार असत. ते विषारी म्हणून काढून टाकल्यावर खोक्यावरचं नाव तेच राहिलं, पण आतला रंग बदलला. म्हणून इथे कोणत्याही पेपरला जुन्या पेपराची फूटपट्टी लावलेली नाही. तो काय काम करतो, कुठे दगा देतो आणि कोणत्या निगेटिव्हला शोभतो, एवढंच पाहिलं आहे.

नवा पेपर आज मुख्यतः दोन ठिकाणी बनतो. एक इंग्लंडमधलं मॉबर्ली, जिथे हार्मन कंपनी इल्फर्ड आणि केंटमिअर या नावांनी पेपर काढते. दुसरं चेक प्रजासत्ताकातलं ह्रादेत्स क्रालोवे, जिथे फोमा आहे. इतर नावांचे खोके दिसतात, पण पेपरवर इमल्शनचा, म्हणजे प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या चांदीच्या क्षारांचा, थर चढवणारे कारखाने जगात मोजकेच असल्यामुळे त्यातला बराच माल दुसऱ्याच्या यंत्रावर तयार झालेला असतो. नवं नाव दिसलं की आधी तो कुठे बनतो ते विचारावं. नाहीतर तोच पेपर दोन नावांनी घेऊन त्यांची तुलना करत बसण्यात वेळ जातो.

आर.सी. (रेझिन कोटेड, प्लास्टिकचा थर असलेला) की फायबर (साधा कागदी), हा निर्णय सगळ्यात आधी करायचा, कारण त्यावर पुढचं सगळं काम ठरतं. आर.सी. पेपरच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचा थर असतो, त्यामुळे रसायन कागदाच्या गाभ्यात शिरत नाही. एक मिनिट डेव्हलपर (चित्र उमटवणारा), दहा सेकंद स्टॉप बाथ (उमटणं थांबवणारा), अर्धा मिनिट १+४ (एक भाग रसायन, चार भाग पाणी) रॅपिड फिक्सर (चित्र टिकाऊ करणारा), दोन मिनिटं वाहतं पाणी, झालं काम. पण म्हणून तो पाण्यात विसरायचा नाही. सगळा मिळून पंधरा मिनिटांच्या वर ओला राहिला तर कडांमधून पाणी आत शिरतं, आणि वाळल्यावर कड फुगलेली किंवा सुटलेली दिसते. फायबर पेपरमध्ये कागद आणि इमल्शन यांच्यामध्ये बॅरायटाचा, म्हणजे बेरियम सल्फेटचा थर असतो. त्याची खोली आणि हाताला लागणारा पोत आर.सी.ला येत नाही. मात्र कागदाचे तंतू फिक्सर पितात आणि तो बाहेर काढायला वेळ लागतो.

फायबरच्या धुलाईत सगळ्यात मोठी चूक होते ती फिक्सरमध्ये जास्त वेळ ठेवण्याची. जुन्या हायपोत (संथ फिक्सरमध्ये) प्रिंट दहा-दहा मिनिटं ठेवायची सवय होती, तीच रॅपिड फिक्सरला लावली जाते. १+४ च्या ताज्या, हार्डनर नसलेल्या रॅपिड फिक्सरमध्ये एक मिनिट पुरतं. एवढ्या वेळात चांदीचे क्षार विरघळतात, पण फिक्सर तंतूंच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. मग पाच मिनिटं धुलाई, दहा मिनिटं वॉश-एड (फिक्सर लवकर निघावा म्हणून वापरायचं द्रावण) आणि पुन्हा पाच मिनिटं धुलाई एवढ्यावर भागतं. तेच दहा मिनिटं फिक्स केलेल्या प्रिंटला तासभर धुतलं तरी खात्री नसते, शिवाय फिकट छटा खाल्ल्या जातात त्या वेगळ्याच. फिक्स पुरेसं झालं की नाही हे बघायला ओल्या पांढऱ्या कडेवर १+९ सेलेनियम टोनरचा (प्रिंटचा रंग बदलणाऱ्या रसायनाचा) एक थेंब टाकावा, दोन-तीन मिनिटांनी टिपून घ्यावा. अगदी पुसट पिवळट छटेपेक्षा जास्त डाग उमटला, तर चांदी उरली आहे आणि फिक्सर बदलायची वेळ झाली आहे. एका लिटर फिक्सरमध्ये ८ बाय १० इंचाच्या चाळीस फायबर प्रिंट निघतात, आर.सी. त्याच्या दुप्पट.

रोजचे पेपर

कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या निगेटिव्हची त्यांच्याच आकारातली एकत्र प्रिंट), पहिल्या चाचण्या, शिकाऊ हात या सगळ्यासाठी इल्फर्ड मल्टिग्रेड आर.सी. डीलक्स हाच पेपर घ्यावा. मल्टिग्रेड चारच्या जागी आलेली ही पाचवी पिढी. हिचा काळा जास्त खोल आहे आणि बेस किंचित उबदार आहे. चारचा थंड पांढरा डोळ्यात बसलेल्यांना सुरुवातीला तो पिवळसर वाटतो. पण हिचा खरा गुण ग्रेडमधल्या अंतरात आहे (ग्रेड म्हणजे कॉन्ट्रास्टची पायरी, आकडा वाढला की कॉन्ट्रास्ट वाढतो; अशा पेपरवर ती रंगीत फिल्टरने बदलते). फिल्टर अर्ध्या ग्रेडने बदलला की कॉन्ट्रास्ट खरंच अर्ध्या ग्रेडने बदलतो. दोन ते चार या पट्ट्यात काम करणाऱ्याला याचं मोल लगेच कळतं. पृष्ठभागात पर्ल घ्यावा. ग्लॉसीवर काळा अधिक खोल दिसतो, पण बोटांचे ठसे आणि दिव्याची तिरीप दोन्ही नको तेवढी दिसतात.

केंटमिअर व्हीसी सिलेक्ट त्याच घरातला, पण स्वस्त. कॉन्टॅक्ट शीटला उत्तम. फोमास्पीड व्हेरियंटही त्याच कामाचा आहे, फक्त फिल्टरच्या वेळा वेगळ्या पडतात, त्याबद्दल पुढे येतंच.

फायबरमध्ये

इल्फर्ड मल्टिग्रेड एफबी क्लासिक २०१३ मध्ये आला आणि आज फायबरचा आधारस्तंभ तोच आहे. तटस्थ टोन, कडा धारदार, ग्लॉसी आणि मॅट अशा दोन पृष्ठभागांत मिळतो. १+९ मल्टिग्रेड डेव्हलपरमध्ये २० अंश सेल्सियसला दोन मिनिटं द्यावीत, आणि ती पूर्ण द्यावीत. ट्रेमध्ये प्रिंट गडद होताना दिसली की चाळीस सेकंदांत उचलायचा मोह होतो. तसं केलं की काळ्याच्या जागी राखाडी चिखल मिळतो आणि दोष पेपरच्या माथी जातो. प्रिंट गडद होत असेल तर एक्स्पोजर कमी करावं, डेव्हलपिंगची वेळ हलवू नये.

मॅट घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ओल्या प्रिंटवर मॅट आणि ग्लॉसी सारखेच दिसतात, फरक वाळल्यावर पडतो. ग्लॉसीचा सर्वांत गडद काळा डेन्सिटोमीटरवर (काळेपणा मोजणाऱ्या यंत्रावर) २.१ च्या आसपास जातो, मॅटचा १.६-१.७ वर अडतो. त्यामुळे सावल्यांत तपशील असलेली, मध्यम छटांची निगेटिव्ह मॅटवर शांत आणि सुंदर दिसते. भक्कम काळ्यावर उभं असलेलं चित्र मॅटवर पडून जातं. हे डेव्हलपर बदलून सुधारत नाही.

क्लासिकवर सेलेनियम १+२० ला चार-पाच मिनिटं दिलं तर रंग फारसा हलत नाही, फक्त काळा घट्ट होतो. नेमकं तेच बहुतेकांना हवं असतं.

मल्टिग्रेड एफबी वॉर्मटोन ग्लॉसी आणि सेमी-मॅट या दोन पृष्ठभागांत येतो, आणि त्यातला सेमी-मॅट हा माझ्या मते आज मिळणाऱ्या पृष्ठभागांत सर्वांत देखणा आहे. चमक नाही, पण मॅटसारखा काळाही मरत नाही. बेस दुधाळ, काळ्यात तपकिरी झाक. सेलेनियमला हा पेपर फार हळवा आहे: १+९ मध्ये दोन-तीन मिनिटांतच सावल्या लालसर-जांभळ्या होऊ लागतात, म्हणून शेजारी टोन न केलेली ओली प्रिंट ठेवून तुलना करत राहावं. रंग हवा तिथे पोचण्याच्या जरा आधीच पाण्यात काढावं, कारण टोनर शोषलेला असतो आणि पाण्यातही थोडं काम चालू राहतं. सेलेनियमच्या आधी फिक्सिंग अपुरं असेल तर पिवळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. टोनरला अमोनियाचा वास असतो, तेव्हा खोली हवेशीर हवी आणि हातात मोजे हवेत.

मल्टिग्रेड आर्ट ३०० हा सुती कागदावरचा, ३०० ग्रॅम वजनाचा, पोतदार पृष्ठभागाचा. ओला असताना जड होतो आणि चिमट्याने उचलला तर कोपऱ्याला वण पडतो. दोन्ही हातांनी, मोजे घालून उचलावा. बारीक तपशिलाच्या निगेटिव्हवर पोत आड येतो. मोठ्या, मोकळ्या आकारांच्या चित्रांनाच घ्यावा.

फोमा

फोमाब्रोम व्हेरियंट १११ ग्लॉसी, ११२ मॅट. तटस्थ टोन, मधल्या छटा स्वच्छ. क्लासिक महाग पडतो म्हणून फोमाब्रोमकडे वळणारे बरेच आहेत, आणि वळावंही. फक्त अगदी मऊ, पातळ निगेटिव्हला पाच ग्रेडचा जोर हवा असेल तर इथे तो इल्फर्डइतका मिळत नाही. तशी निगेटिव्ह इल्फर्डवरच छापावी.

फोमाटोन एमजी क्लासिक १३१, १३२, १३३ (अनुक्रमे ग्लॉसी, मॅट, व्हेलवेट) हा मात्र वेगळाच जीव आहे. बंद पडलेल्या उबदार पेपरांची ओढ लागलेल्यांना ज्या एका पेपरकडे बोट दाखवता येईल, तो हाच. हिरवट-तपकिरी काळा, सेलेनियममध्ये झपाट्याने विटकरी-तपकिरीकडे जाणारा. तो मंद आहे. क्लासिकवर बारा सेकंद लागत असतील तर पहिली टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवायची चाचणीपट्टी) पंचवीस ते चाळीस सेकंदांच्या टप्प्यात काढावी. ट्रेमध्येही सावकाश उमटतो, तेव्हा तीन मिनिटांपर्यंत थांबायची तयारी ठेवावी.

फोमाटोनचं दुखणं म्हणजे ओलं इमल्शन. ते मऊ असतं. स्टीलच्या चिमट्याची टोकं, ट्रेचा खडबडीत तळ, एकावर एक घासणाऱ्या प्रिंट, सगळ्याचा ओरखडा उमटतो, आणि तो वाळेपर्यंत दिसतही नाही. चिमट्याला रबरी टोकं लावावीत, एका वेळी एकच प्रिंट ट्रेमध्ये ठेवावी, आणि डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, पाणी यांच्या तापमानात चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये. गरम पाण्यात लांबलेली धुलाई कडांना इमल्शन उचलते. वर दिलेली पाच-दहा-पाचची धुलाई इथे दुहेरी उपयोगाची आहे: पाणी वाचतंच, पेपरही कमी वेळ भिजतो.

लिथ छपाईसाठी (खूप पातळ डेव्हलपरमध्ये सावकाश उमटवून कडक काळे आणि उबदार छटा मिळवायच्या पद्धतीसाठी) फोमाटोन हा आज पहिला पर्याय आहे. नेहमीपेक्षा दोन ते तीन स्टॉप (प्रत्येक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त एक्स्पोजर द्यावं, लिथ डेव्हलपर खूप पातळ करावा, आणि सावल्या पेटू लागल्या की नेमक्या क्षणी उचलून स्टॉप बाथमध्ये टाकावं. इथे वेळ घड्याळावर मोजून उपयोग नाही, लाल सेफलाइटखाली (पेपरवर परिणाम न करणाऱ्या मंद दिव्याखाली) डोळ्यांनीच बघावं लागतं. डेव्हलपर ताजा असताना पहिल्या एक-दोन प्रिंट निस्तेज येतात. आधीच्या बैठकीचा तपकिरी पडलेला डेव्हलपर थोडा मिसळला की रंग येतो. उलट तो फारच जुना झाला की मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके पडतात. सोडियम सल्फाइटच्या १० टक्के द्रावणाचे काही मिलिलिटर मिसळले की ठिपके कमी होतात. जास्त घातलं तर लिथचा परिणामच मरतो, म्हणून पाच-पाच मिलिलिटरने वाढवावं.

ठरावीक ग्रेडचे आणि कॉन्टॅक्टचे

ठरावीक ग्रेडच्या, म्हणजे फिल्टरने कॉन्ट्रास्ट न बदलणाऱ्या, पेपरांत इल्फर्डचा गॅलरी एफबी हे मोठं नाव उरलं आहे, तेही फक्त दोन आणि तीन ग्रेडमध्ये. व्हेरिएबल (फिल्टरने ग्रेड बदलणारे) पेपर असताना हा का घ्यावा, याचं एक भक्कम कारण आहे: पायरो या डाग सोडणाऱ्या डेव्हलपरमध्ये डेव्हलप केलेल्या निगेटिव्ह. पायरोचा पिवळट-हिरवट डाग निळा प्रकाश अडवतो. ठरावीक ग्रेडच्या पेपरला फक्त निळा प्रकाश कळतो, म्हणून त्याच्यासाठी डाग म्हणजे जादा घनता. व्हेरिएबल पेपरला हिरवाही दिसतो, त्याच्यासाठी तोच डाग मऊ फिल्टर होतो, आणि जिथे डाग जास्त तिथे, म्हणजे उजळ भागात, कॉन्ट्रास्ट खाली बसतो. ढग आणि पांढरे कपडे सपाट आले की लोक निगेटिव्हला दोष देतात, खरं कारण हे असतं. कधीकधी हा मऊपणाच हवा असतो. तेव्हा व्हेरिएबल पेपर मुद्दाम वापरावा.

ॲझोसारख्या सिल्व्हर क्लोराइड पेपरची सवय असलेल्यांना आडॉक्सचा लुपेक्स आहे. तो इतका मंद आहे की एन्लार्जरच्या (निगेटिव्हचं चित्र मोठं करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राच्या) प्रकाशात भागत नाही. निगेटिव्ह थेट पेपरवर दाबून उघड्या दिव्याखाली एक्स्पोज करावी लागते. मोठ्या फॉरमॅटच्या निगेटिव्ह नसतील तर याचा विचार सोडावा.

पेपर बदलल्यावर करायच्या तीन गोष्टी

पहिली, फिल्टर. इल्फर्डच्या फिल्टरमध्ये ०० ते साडेतीनपर्यंत एक्स्पोजर सारखं आणि चार ते पाचला दुप्पट, असा हिशेब आहे. तो इल्फर्डच्याच पेपरवर जमतो. फोमावर फिल्टर बदलला की वेळही सरकते, आणि "दोन" म्हणजे खरोखर दोन राहत नाही. उपाय सोपा आहे. २१ पायऱ्यांची स्टेप वेज (पायरीपायरीने गडद होत जाणारी फिल्मची पट्टी) घ्यावी, तिच्या प्रत्येक पायरीत ०.१५ घनतेचा फरक असतो. प्रत्येक फिल्टरवर तिची कॉन्टॅक्ट प्रिंट काढावी. पूर्ण काळ्यापासून पहिल्या पुसट छटेपर्यंत किती पायऱ्या आल्या ते मोजून १५ ने गुणावं. सात पायऱ्या आल्या तर १०५, म्हणजे जवळपास दोन ग्रेड. चार आल्या तर ६०, म्हणजे चार ग्रेड. एका संध्याकाळचं काम आहे, पण नंतरचे कितीतरी कागद वाचतात. कलर हेडवर (एन्लार्जरच्या रंग बदलता येणाऱ्या दिव्यावर) काम करणाऱ्यांनी तर हे करावंच, कारण पूर्ण मॅजेंटा देऊनही बऱ्याच हेडवर खरा पाच ग्रेड गाठला जात नाही. कंडेन्सर (भिंगातून थेट प्रकाश देणारा) एन्लार्जर असेल तर तीच निगेटिव्ह डिफ्युजनपेक्षा (पसरलेल्या प्रकाशाच्या एन्लार्जरपेक्षा) जवळजवळ एक ग्रेड कडक येते, हेही हिशेबात धरावं.

दुसरी, सेफलाइट. नाणं ठेवून कोऱ्या पेपरवर केलेली चाचणी फसवी असते. पेपरला उमटण्याआधी थोडा प्रकाश पचवायची सवय असते, त्यामुळे सेफलाइटचा हलका धूसरपणा कोऱ्या कागदावर दिसत नाही, पण चित्राच्या फिकट छटांवर मात्र बसतो. म्हणून आधी एन्लार्जरखाली हलका राखाडी येईल एवढं एक्स्पोजर द्यावं, मग नाणं ठेवून पट्टीपट्टीने दोन, चार, आठ मिनिटं सेफलाइट द्यावा. नाण्याचा गोल दिसला ती वेळ धोक्याची. तिच्या निम्म्यात काम आटोपावं. इल्फर्डला हलका तपकिरी ९०२ क्रमांकाचा सेफलाइट फिल्टर चालतो, पंधरा वॅटचा दिवा सव्वा मीटरच्या आसपास. फोमासाठी लालच वापरलेला बरा, मग दोन्ही घरांचे पेपर एकाच दिव्याखाली निघतात.

तिसरी, वाळल्यावरचा गडदपणा. फायबर पेपर, त्यातही मॅट, वाळल्यावर साधारण आठ ते दहा टक्के गडद दिसतो. ओल्या अवस्थेत ढगातला तपशील नेमका वाटला म्हणजे वाळल्यावर तो मळकट होणार. एक प्रिंट योग्य वाटेल तशी काढावी, मग सहा, आठ, दहा, बारा टक्के कमी एक्स्पोजरच्या चार काढाव्यात, सगळ्या वाळवाव्यात. पहिली पुन्हा पाण्यात भिजवून इतरांशेजारी ठेवावी. भिजलेल्या पहिलीशी जी वाळलेली जुळते, तो आकडा त्या पेपरचा. खोक्यावर लिहून ठेवावा.

जुना साठा

बंद झालेल्या पेपरांचे सीलबंद खोके विक्रीला येतात. घेण्याआधी विक्रेत्याकडून एक कागद मागावा. अंधारात त्याचे दोन तुकडे करून एक नुसता फिक्स करावा, दुसरा पूर्ण वेळ डेव्हलप करून फिक्स करावा. दुसरा राखाडी आला तर पेपर धूसर झाला आहे. राखाडी अगदी हलका असेल तर बेंझोट्रायझोल या धूसरपणा रोखणाऱ्या रसायनाचं १ टक्का द्रावण, एका लिटर डेव्हलपरला दहा ते वीस मिलिलिटर, असं घालून पांढरा परत मिळवता येतो. पेपर त्याने आणखी मंद होतो आणि टोन थंडाकडे झुकतो, म्हणजे ज्या उबदारपणासाठी जुना पेपर घेतला तोच जातो. व्हेरिएबल पेपर जुना झाला की वरच्या ग्रेड आधी जातात. ठरावीक ग्रेडचा आणि क्लोराइडचा पेपर जास्त टिकतो. जुन्या आर.सी. व्हेरिएबलवर पैसे घालू नयेत, कितीही स्वस्त मिळाला तरी.

साठा करायचाच असेल तर आज बनणाऱ्या पेपरचा करावा. वर्षभरात जेवढा लागतो तेवढाच घ्यावा, थंड कोरड्या जागी खोका आडवा ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवला असेल तर सील न उघडता खोलीच्या तापमानावर येऊ द्यावा, नाहीतर दव बसून कागद एकमेकांना चिकटतात. एका आर.सी. आणि एका फायबर पेपरवर बहुतेकांचं काम चालतं, आणि दोनच असले की दोन्हींचा स्वभाव नीट कळतो. नवा खोका उघडण्याआधी जुन्यातले दोन-तीन कागद राखून ठेवावेत. दोन्ही खोक्यांवरचा बॅच क्रमांक वेगळा असेल तर एकाच निगेटिव्हची, एकाच वेळेची आणि फिल्टरची प्रिंट दोन्हींवर काढून वाळवावी, आणि जो फरक दिसेल तेवढी वेळ नव्या खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने नोंदवावी.